स्टर्नड्राइव्ह बोट आणि तिचा ट्रेलर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत गेल्या काही वर्षांत चार-पाच जणांनी जुन्या बोटी घेतल्या. दर मे महिन्यात माझा फोन वाजायला लागतो, आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझी बोट वीस फुटी बाउरायडर आहे, म्हणजे पुढच्या टोकालाही बसायची जागा असलेली. ४.३ लिटरचं व्ही-६ मर्क्रूझर इंजिन, मागे अल्फा वन जेन टू ड्राइव्ह, खाली एका ॲक्सलचा ट्रेलर. वावर लेक सेंट क्लेअरमध्ये, म्हणजे गोड्या पाण्यात. तुमची बोट दुसऱ्या कंपनीची असेल तर आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या. दुखणी मात्र फार वेगळी नसतील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक उत्तरं शेवटी तिथेच येतात. पाण्यात बंद पडलेली बोट घरच्या ड्राइव्हवेवरच बिघडलेली असते. आपण वाकून बघितलेलं नसतं, एवढंच.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे नक्की काय? आउटबोर्डमध्ये आणि यात फरक काय?

आउटबोर्डचं अख्खं इंजिन बोटीच्या मागे लटकलेलं असतं. स्टर्नड्राइव्हमध्ये गाडीसारखं इंजिन बोटीच्या आत असतं, आणि गिअर व पंखा (प्रॉपेलर) असलेला पाय, म्हणजे ड्राइव्ह, बाहेर असतो. व्होल्वो पेंटाने १९५९ साली ॲक्वामॅटिक नावाने हा प्रकार बाजारात आणला, पाठोपाठ १९६१ मध्ये मर्क्रूझर आला. माझं व्ही-६ मुळात जनरल मोटर्सचं आहे, म्हणून काही भाग ओळखीचे वाटतात. पण त्या ओळखीवर विसंबू नका, त्याबद्दल पुढे येईलच.

आतलं इंजिन बाहेरच्या पायाला जोडायचं तर बोटीच्या मागच्या भिंतीला, ट्रान्समला, भोक पाडावं लागतं. तेही पाण्याच्या पातळीखाली. ते भोक रबराने झाकलेलं असतं. स्टर्नड्राइव्हची निम्मी काळजी या एका वाक्यात आली.

किल्ली फिरवली तर काहीच होत नाही. स्टार्टर गेला का?

बहुतेक वेळा नाही. आधी लाल दोरीचा किल स्विच (दोरी ओढली की इंजिन बंद करणारा) नीट बसलाय का ते बघा. मग गिअरचा दांडा खरंच न्यूट्रलमध्ये आहे का बघा. किल्ली धरून दांडा किंचित पुढेमागे हलवला आणि इंजिनाने घरघर केली, तर न्यूट्रलचा सेफ्टी स्विच झिजलाय.

नुसतं ‘टक्’ वाजत असेल तर बॅटरीकडे जा. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. किल्ली फिरवल्यावर ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी तरी मेलीय किंवा टर्मिनल तरी सैल आहेत. बोटीच्या बॅटरीवर पंखांचे नट असतात. हाताने आवळले की आवळल्यासारखे वाटतात आणि लाटांच्या धक्क्यांनी सुटतात. मी ते काढून साधे षटकोनी नट लावले आणि पान्याने आवळले. शिवाय इंजिनाच्या वायरींचा जाडजूड गोल प्लग असतो, डॅशबोर्डकडे जाणारा. तो उघडून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का बघा. डॅशबोर्ड पूर्ण मेलेला असेल तर इंजिनावरचं सर्किट ब्रेकरचं बटण दाबून पाहा.

स्टार्ट करण्यापूर्वी ब्लोअर खरंच चार मिनिटं चालवायचा?

हो. ब्लोअर म्हणजे इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती इंजिनाच्या खोलीत तळाशी साठते, आणि बोटीच्या तळाला गाडीसारखी वाऱ्याची वाट नसते. ब्लोअर चालवा, झाकण उघडा, वाकून वास घ्या. पेट्रोल भरल्यानंतर तर हे चुकवूच नका. मुलं ‘चला ना बाबा’ म्हणून घाई करतात, करू द्या.

बोटीचा स्टार्टर तीनशे डॉलरला आणि गाडीचा ऐंशीला. दिसायला सारखाच. लावू का?

नका लावू. बोटीचे स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर असे बनवलेले असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलचा पंपही वेगळे असतात, गळती झाली तर पेट्रोल बोटीच्या तळात न जाता इंजिनाच्या घशात जावं म्हणून. वरच्या उत्तरातली वाफ आठवा आणि जास्तीचे दोनशे वीस डॉलर खर्च करा.

हळू चालते, पण थ्रॉटल पुढे केला की गुदमरून बंद पडते.

पेट्रोल कमी पडतंय. पाणी वेगळं करणारा फिल्टर बदला आणि जुन्यातलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून पाच मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला की कारण सापडलं. इथल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात. ई-१० चालतं. ई-१५ बोटीत घालायला कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा पंपाचं नळकांडं उचलण्याआधी लेबल वाचा.

फिल्टर स्वच्छ असेल तर टाकीच्या तोंडाशी असलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह तपासा, त्यातली बारीक गोळी अडकते. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे वेगळ्या छोट्या टाकीतून बोट चालवून बघणं. त्यावर व्यवस्थित पळाली तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे.

धक्क्याला लागताना न्यूट्रलला आणली की इंजिनच बंद पडतं. आयडल वाढवू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि जवळजवळ प्रत्येकाने आधी कार्ब्युरेटरशी खेळ केलेला असतो. अल्फा ड्राइव्हमधले गिअर दातांनी एकमेकांत अडकतात. इंजिनाचा जोर असताना ते सुटत नाहीत. म्हणून गिअर काढताना एक छोटा स्विच क्षणभर ठिणगी तोडतो, जोर उतरतो, दात सुटतात आणि ठिणगी परत येते. ट्रान्सममधून ड्राइव्हकडे जाणारी गिअरची केबल आतून गंजली किंवा पाण्याने जड झाली की तो स्विच दाबलेलाच राहतो. इंजिन बिचारं हुकूम पाळून बंद होतं.

इलाज केबल बदलण्याचा आहे. आयडल वाढवलात तर गिअर आणखी जोरात आदळतील. तोवर धक्क्याकडे येताना एक माणूस नाळेवर दोरी घेऊन उभा ठेवा.

तापमानाचा काटा चढतोय. बंद करू की घरी पोचू?

ताबडतोब वेग कमी करा. माझ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट १६० फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण ७१ सेल्सियसचा आहे. काटा तिथे घोटाळतो. त्याच्या बराच वर जाऊ लागला की थांबायचं.

लेक सेंट क्लेअर उथळ आहे, सरासरी खोली ११ फूट. ऑगस्टमध्ये शेवाळ आणि पाणवनस्पती इतक्या माजतात की ड्राइव्हच्या बाजूला पाणी ओढणाऱ्या फटींवर गोधडीच बसते. न्यूट्रल, मग थोडं रिव्हर्स, की ती गळून पडते. काटा उतरला तर तुम्ही सुटलात. वेगात चढतो आणि हळू केल्यावर उतरतो असं वारंवार होत असेल, तर इम्पेलर थकलाय.

इम्पेलर किती दिवसांनी बदलायचा? चालतोय तोवर चालवला तर?

इम्पेलर म्हणजे रबरी पात्यांची फिरकी, तळ्यातलं पाणी ओढून इंजिनाला थंड ठेवणारी. अल्फामध्ये ती खाली ड्राइव्हच्या पोटात असते. मर्क्रूझरच्याच ब्राव्हो नावाच्या ड्राइव्हमध्ये ती वर इंजिनावर असते, कारण ब्राव्होचा क्लच ड्राइव्हच्या वरच्या भागात असल्याने न्यूट्रलमध्ये खालचा दांडा फिरतच नाही. खाली पंप ठेवला असता तर न्यूट्रलमध्ये पाणीच आलं नसतं.

गोड्या पाण्यात मी एक आड एक वर्ष बदलतो. खारं किंवा गाळाचं पाणी असेल तर दर वर्षी. रबराचा भाग चाळीस-पन्नास डॉलरचा, आणि न बदलल्याचा खर्च मी भोगलाय. तिसऱ्या वर्षी ‘अजून चांगला आहे’ म्हणून सोडला. जुलैत काटा चढला, ओढून आणावी लागली. पंप उघडला तर दोन पाती गायब. एक तुकडा पंपाच्या वाटीतच होता. दुसरा कुठे? नवा इम्पेलर टाकला तरी इंजिन तापतच होतं. ट्रान्सममधून येणारं पाणी आधी पॉवर स्टीअरिंगच्या कूलरमधून जातं आणि मग थर्मोस्टॅटच्या घरात. कूलरची नळी सोडली, टॉर्च आत मारला, तर तोंडाशीच काळ्या रबराचा तुकडा आडवा बसलेला आणि त्याच्या मागे दोन मोसमांचं शेवाळ नारळाच्या काथ्यासारखं गच्च. तेव्हा पाती मोजा. सगळे तुकडे हातात येईपर्यंत काम संपलं असं समजू नका.

आणि ही फिरकी पाण्यानेच वंगण घेते. घरी स्टार्ट करताना ड्राइव्हच्या फटींवर रबरी कानटोप्या लावायच्या, बागेची नळी जोडायची, आधी पाणी, मग किल्ली. बंद करताना उलटं. ‘फक्त पाच सेकंद, आवाज ऐकायला’ असं कोरडं चालवणारे लोक पुढच्या आठवड्यात इम्पेलर विकत घेताना भेटतात.

बोटीच्या तळात पाणी साचतंय. कुठून येतंय ते कसं कळणार?

आधी कुठे येत नाही ते शोधा. तळ कोरडा पुसा. ड्राइव्हवेवर कानटोप्या लावून पंधरा मिनिटं इंजिन चालवा आणि झाकण उघडून टॉर्चने बघत राहा. आत पाणी दिसलं तर दोष इंजिनाच्या नळ्या, पाण्याचा पंप किंवा मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग) यांत आहे. घरी ठणठणीत कोरडी आणि तळ्यात उतरवल्यावर पाणी येत असेल, तर तळाचं बूच, बोटीचं कवच किंवा बेलोज. या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते.

हे बेलोज म्हणजे काय? आणि विक्रेता घाबरवतोय तेवढे महत्त्वाचे आहेत का?

बाजाच्या पेटीचा भाता डोळ्यांसमोर आणा, तशी घड्याघड्यांची रबरी नळी. इंग्रजीत नावही तेच आहे. अल्फाला असे तीन असतात. एक फिरत्या सांध्यांभोवती, एक गिअरच्या केबलभोवती, एक धुराच्या वाटेवर. धुराचा फाटला तर आवाज वाढतो, बोट बुडत नाही. बाकी दोघांतला कुठलाही फाटला तर पाण्याला थेट बोटीत यायची वाट मिळते. नुसती धक्क्याला बांधून ठेवलेली बोटही रात्रीत बुडून तळाला बसू शकते.

दर वसंतात ड्राइव्ह पूर्ण वर करा, डावीउजवीकडे वळवा आणि छोटा आरसा व टॉर्च घेऊन घड्यांच्या खाचांत बघा. रबर वरून काळंभोर आणि चकचकीत दिसतं, चिरा खाचांच्या तळाशी असतात. पाच-सहा वर्षं झाली की मी न बघताच बदलतो. ड्राइव्ह सहा नटांवर असतो, पण एकट्याने उतरवण्याइतका हलका नाही. अल्फा काढण्याआधी गिअर फॉरवर्डला टाका. उभी करताना, विशेषतः हिवाळ्यात, ड्राइव्ह खाली ठेवा, म्हणजे रबर ताणलेलं राहत नाही. बोट पाण्यातच बांधत असाल तर आणखी एक भानगड: मस्करॅट नावाचा उंदरासारखा पाणप्राणी हे रबर कुरतडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो.

वळताना मागून गुरगुर येते, सरळ गेलं की थांबते.

गिंबल बेअरिंग. ट्रान्समच्या भोकात बसलेलं, ड्राइव्हच्या दांड्याला आधार देणारं. ते बहुधा स्वतःहून मरत नाही, फाटलेल्या बेलोजमधून आलेल्या पाण्याने गंजून मरतं. म्हणून दोन्ही एकदमच बदला, आणि ड्राइव्ह निघालाच आहे तर इंजिनाची रेषा जुळते का तेही तपासून घ्या. रेषा तपासायची सळई दोन बोटांनी आत सरकली पाहिजे. हातोडी लागत असेल तर रेषा चुकली आहे.

इंजिन ओरडतंय, बोट हलत नाही.

पंख्याचा रबरी गाभा सुटला असावा. पंखा आणि दांडा यांवर पेन्सिलीने एक सरळ रेघ मारा, बोट चालवा, परत बघा. रेघ तुटली असेल तर गाभा फिरतोय. पंखा काढलाच आहे तर मागे मासे पकडण्याची दोरी गुंडाळलेली नाही ना ते पाहा. ती सील कापते आणि पुढचा प्रश्न निर्माण करते.

ड्राइव्हचं तेल दुधाळ निघालं.

आत पाणी शिरलंय. कॉफीत दूध घातल्यासारखा रंग. नवं तेल भरून मोसम काढायचा मोह आवरा. पाण्याने गिअर आणि बेअरिंगं गंजतात, आणि नवा ड्राइव्ह काही हजार डॉलरचा असतो. प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही लावून कुठलं सील गळतंय ते शोधून घ्या.

तेल शरद ऋतूतच बदला, वसंतात नव्हे. आत पाणी असेल आणि ते थंडीत गोठलं तर बाहेरचं कवचच तडकतं. नवं तेल खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय वाहू लागेपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वायसर दर वेळी नवे. चुंबकी बुचावर राखाडी लेप असला तर काळजी नाही. चिमटीत धरता येईल असा कण आला तर आहे.

ट्रिम, म्हणजे ड्राइव्ह वर-खाली करणारी यंत्रणा, वर जात नाही.

ड्राइव्ह पूर्ण खाली असताना पंपाच्या टाकीतलं तेल बघा, मग फ्यूज. पंप फिरतोय पण ड्राइव्ह हलत नाही, तर तेल किंवा गळती. पंप गप्पच आहे, तर वीज.

ड्राइव्हवरचे झिंकचे ते ठोकळे अर्धे खाऊन गेलेत. चांगलं की वाईट?

चांगलं. तुमच्या ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हऐवजी पाणी त्यांना खातंय, ते त्याचसाठी असतात. निम्मे झिजले की बदला. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, खाऱ्यात झिंक किंवा ॲल्युमिनियम. गोड्या पाण्यात झिंक लावलेला असेल तर तो वर्षानुवर्षं नवाकोरा दिसतो, कारण तो काही कामच करत नाही. आणि त्यावर रंग मारू नका. एका गृहस्थांनी बोट चकाचक दिसावी म्हणून मारला होता.

हिवाळ्याची तयारी स्वतः करता येते का? मरीनावाले काहीशे डॉलर मागतात.

येते, एका शनिवारच्या दुपारीत. पण हे एकच काम असं आहे की चुकलं तर इंजिन जातं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि बिडाचं लोखंड ताणत नाही, तडकतं. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाला, गोल पत्र्याची बुचं असतात, ती ‘आधी उडतील आणि ब्लॉक वाचेल’ हा गैरसमज आहे. ती ओतकामाची भोकं बुजवायला असतात.

कोकणात पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. इथे शाकारणी ऑक्टोबरात, पहिल्या कडक थंडीच्या आधी. क्रम असा. पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालून कानटोप्यांवर इंजिन गरम करा. तेल गरम असतानाच काढा, माझ्या व्ही-६ ला साडेचार क्वार्ट मरीन तेल लागतं. कार्ब्युरेटरमधून फॉगिंग ऑइल (इंजिन आतून गंजू नये म्हणून) मारून बंद करा. मग पाणी सोडायचं: ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची बुचं, दोन्ही मॅनिफोल्डची, आणि पाण्याच्या पंपाची खालची जाड नळी.

पहिल्या वर्षी डावीकडचं निळं बूच काढलं तर थेंबही आला नाही. मी खूश, ‘ही बाजू रिकामीच आहे’. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापलीकडून बघत होते. आत गेले, कपडे टांगायच्या हँगरची तार वाकवून घेऊन आले आणि काही न बोलता ती भोकात खुपसली. दोन-तीन वेळा ढवळल्यावर आधी गंजाचे पापुद्रे पडले, चहाच्या चोथ्यासारखे. आणि मग जे पाणी सुटलं ते बादलीभर. ते पाणी तसंच राहिलं असतं तर जानेवारीत ब्लॉकचे दोन तुकडे झाले असते. ती तार आजही माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. प्रत्येक भोकात ती घालायची, पाणी आलं तरी.

त्यानंतर गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ नळ्यांतून वरून ओता. काही जण पाणी न सोडता कानटोप्यांतूनच अँटिफ्रीझ ओढून घेतात. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे गुलाबी पाणी ब्लॉकमध्ये न शिरता सरळ धुराच्या वाटेने बाहेर पडतं. मागून गुलाबी धार दिसते, माणूस समाधानाने झाकण लावतो, आणि ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी तसंच.

बॅटरी काढून तळघरात ठेवा. ड्राइव्ह खाली. बोटीच्या तळाचं बूच काढून स्टीअरिंगला बांधून ठेवा, वसंतात नजरेसमोर राहील.

ट्रेलरच्या चाकाला दर वर्षी ग्रीस मारायलाच हवं का? गाडीला तर कोणी मारत नाही.

गाडीचं चाक तापवून लगेच तळ्यात बुडवतं का कोणी? ट्रेलरचं तेच होतं. हायवेवर तासभर पळून हब, म्हणजे बेअरिंग बसवलेला चाकाचा मधला भाग, गरम होतो, आतली हवा फुगते. तसाच गार पाण्यात उतरवला की हवा आकसते आणि मागच्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, पोचल्यावर आधी सामान भरा, जॅकेटं वाटा, मुलांना बाथरूमला न्या. हब तेवढ्यात निवतो.

स्प्रिंगवालं टोपण असेल तर आत ग्रीसचा थोडा दाब राहतो, पाण्याला अटकाव होतो. पण ग्रीसगनने वेड्यासारखं भरलंत तर मागचं सील बाहेर येतं, आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. टोपण असलं तरी वर्षातून एकदा हब उघडाच. कॉटर पिन, नट, बाहेरचं बेअरिंग, हब, मग मागचं सील. सगळं धुऊन फडक्यावर मांडा. रोलरवर निळसर झाक किंवा खड्डे दिसले तर ते बेअरिंग त्याच्या वाटीसकट बदला, नुसतं बेअरिंग नव्हे. मरीन ग्रीस तळहातावर घ्या आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहा, रोलरांमधून वर गांडुळासारखं बाहेर येईपर्यंत. बसवताना हब फिरवत नट आवळा, मग पूर्ण सैल करा, मग फक्त बोटांनी आवळा आणि नवी कॉटर पिन घाला. पान्याने करकचून आवळणं हे बेअरिंग जाळण्याचं हमखास कारण आहे.

३,५०० पौंडांच्या ॲक्सलला आत एल-६८१४९ आणि बाहेर एल-४४६४९ ही बेअरिंगं सहसा असतात. तरी तुमच्या बेअरिंगवर कोरलेला आकडा वाचूनच घ्या. मी ग्रीस भरलेला एक अख्खा हब गाडीत ठेवतो.

प्रवासात पहिल्या वीस-पंचवीस मैलांनंतर थांबून दोन्ही हबांवर हाताची पाठ धरा. ट्रॅव्हर्स सिटीला जाताना आय-७५ वर एका गॅस स्टेशनात मी हे करायला वाकलो, तर डावा कोमट आणि उजव्याजवळ हात नेववेना. मागच्या मोसमात ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं होतं, तोच. हब तिथेच बदलला, पाऊण तास गेला. आणखी तीस मैल गेलो असतो तर चाकच आमच्या पुढे गेलं असतं.

ट्रेलरचे दिवे कधी लागतात, कधी नाही.

पांढरी वायर. ती ग्राउंडची, आणि दहातले आठ वेळा दोष तिचाच. सापळ्याला जिथे स्क्रूने बसवलीय तिथला गंज घासा. तपकिरी वायर मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या वळणाची आणि ब्रेकची, हिरवी उजव्या. जुने बल्ब असतील तर पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा, गरम बल्ब गार पाण्यात फुटतो.

टायरची नक्षी शाबूत आहे, मग बदलायचे कशाला?

ट्रेलरचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन मरतात. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली, बाजूला बारीक चिरा दिसल्या, की बदला. ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलेच घ्या. हवा टायर गार असताना, बाजूला लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत. नवं चाक लावल्यावर पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळा. स्पेअर चाक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, गाडीचा जॅक ट्रेलरखाली बसतो का ते घरीच करून पाहा.

रिव्हर्स घेताना ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

सर्ज ब्रेक असतील. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, आकडीतला दट्ट्या दाबला जातो आणि ब्रेक लागतात. चढावर मागे ढकलताना हेच होतं. पाच पिनांच्या प्लगमधली पाचवी वायर गाडीच्या रिव्हर्स दिव्याला जोडलेली असते. ती वीज मिळाली की ब्रेक मोकळे राहतात. चार पिनांचा अडॅप्टर लावला असेल तर ती वायर तुटली म्हणून समजा.

तळ्यातून काढल्यावर बूच काढणं कायद्याने सक्तीचं आहे म्हणतात. खरं?

मिशिगनमध्ये २०१९ पासून खरं आहे. रस्त्यावर नेण्याआधी बूच काढून पाणी सोडायचं, ट्रेलरला अडकलेलं शेवाळ काढायचं. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते १९८८ मध्ये, आपल्या याच लेक सेंट क्लेअरमध्ये. तिथून बोटींच्या पोटातल्या पाण्याने आणि ट्रेलरला लटकलेल्या गवताने ते तळ्यातळ्यांत पोचले.

काढलेलं बूच परत लावायचं विसरणं हा या कायद्याचा दुसरा परिणाम. मीही विसरलोय. आमच्या ग्रुपच्या सहलीला, तेरा लोक रॅम्पवर उभे, पोह्यांचा डबा बोटीत. पाणी घोट्यापर्यंत आल्यावर बायको म्हणाली, ‘अहो, हे नेहमी असंच असतं का?’ ट्रेलर अजून पाण्यातच होता म्हणून निभावलं. तेव्हापासून बूच गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात असतं.

मालवणला किंवा गोव्यात अशी बोट ठेवावी का?

मी नाही ठेवणार. खारं पाणी मॅनिफोल्ड आतून खातं, आणि पाण्यातच नांगरलेल्या बोटीचा ड्राइव्ह पूर्ण वर केला तरी काही भाग बुडालेलाच राहतो. आउटबोर्ड पाण्याबाहेर अख्खा उचलता येतो, बिघडला तर काढून खांद्यावर किंवा हातगाडीवर नेता येतो, आणि तो दुरुस्त करणारे हात तिथे किनाऱ्यावरच सापडतात. घेतलीच तर बंद कूलिंगवाली (जिच्या ब्लॉकमध्ये समुद्राचं पाणी न फिरता अँटिफ्रीझ फिरतं) घ्या आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा.

जुनी बोट बघायला चाललोय. काय पाहू?

आरसा, टॉर्च, तार आणि एक पारदर्शक बरणी घेऊन जा. बेलोजच्या खाचा पाहा. ड्राइव्हचा खालचा स्क्रू थोडा सैल करून चमचाभर तेल बरणीत घ्या, मालक नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे. ट्रान्समवर हातोडीच्या दांड्याने टकटक करा. टणक आवाजाच्या मध्ये कुठे बद्द वाजलं तर आतलं लाकूड कुजलंय, तिथून परत फिरा. इंजिनाचा सिरियल नंबर लिहून घ्या, सुटे भाग त्यावरूनच मिळतात, बोटीच्या सालावरून नव्हे.

आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, कारण आधीच गरम केलेल्या इंजिनात गार असताना सुरू न होण्याची खोड लपते. पोचल्यावर गप्पा मारायच्या आधी झाकण उघडून मॅनिफोल्डवर हात ठेवा. गरम लागला तर विचारा, आज सकाळी कुठे गेला होतात?